शाळेतला संगणक बिघडला, तर पैसे कुणी द्यायचे?




आपल्या या पानावर अधूनमधून शाळेला संगणक, स्मार्ट टीव्ही, टॅब भेट दिल्याच्या बातम्या येतात. सोबत फोटो असतो. देणारे, घेणारे, हार घातलेला टीव्ही आणि मागे ओळीत उभी केलेली मुलं. वाचून बरं वाटतं, देणाऱ्यांचं कौतुकही आहे. पण तो फोटो छापून तीन वर्षं झाल्यावर त्या टीव्हीचं काय झालं, हे कुणीच छापत नाही. त्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं बरेच दिवस मनात होतं.

मी पॅरिशच्या अनुदानित मराठी शाळेत ३२ वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून खानापूर तालुक्यातल्या आमच्या बाजूच्या दोन-तीन सरकारी मराठी शाळांत आठवड्यातून एखादा दिवस गणित घ्यायला जाते. बस मिळाली तर बसने, नाहीतर कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून. त्यामुळे या शाळांची कपाटं मला आतून माहीत आहेत.

कपाटात काय असतं सांगते. जुने जाडे मॉनिटर, ज्यांवर पिवळट प्लास्टिक चढलंय. बॅटरी फुगलेला यूपीएस. दिवा गेलेला प्रोजेक्टर. कुणा संस्थेने दिलेले टॅब, त्यांतले निम्मे चार्ज होत नाहीत. हे सगळं कुलपात, कारण शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरला त्याची नोंद आहे. चोरीला गेलं तर हेडमास्तरांनी भरून द्यायचं. टाकून द्यायचं म्हटलं तर वरून मंजुरी हवी, आणि त्या मंजुरीसाठी कागद हलवायला कुणाला वेळ नाही. मग वस्तू चालतही नाही आणि जातही नाही. एका शाळेत तर चालू संगणक बंद पडला तो निव्वळ पासवर्डमुळे. ज्या सरांना तो ठाऊक होता त्यांची बदली झाली, आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात गेला! फोन करून विचारेपर्यंत दोन महिने गेले.

आमच्या पश्चिमेकडच्या भागात पाऊस किती, हे वाचकांना सांगायला नको. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, वीज जाते-येते, व्होल्टेज कधी वर कधी खाली. उंदीर बारा महिने. अशा ठिकाणी यंत्र ठेवलं की वर्षाला थोडा खर्च येणारच. त्यात कुणाचा दोष नाही. दोष आहे तो हा की त्या खर्चाचं खातंच कुठे नाही.

सरकारचा हिशेब बघा. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या शाळेला संगणक कक्षासाठी एकदाच ६ लाख ४० हजारांपर्यंत, आणि चालवायला वर्षाला २ लाख ४० हजारांपर्यंत, असे पाच वर्षं देण्याची तरतूद आहे. स्मार्ट वर्गासाठी २ लाख ४० हजार आणि वर्षाला ३८ हजार. आकडे वाईट नाहीत. पण पहिली ते पाचवीची लहान शाळा त्यात बसत नाही, आणि आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या मराठी शाळा बऱ्याचशा तेवढ्याच. ज्यांना मिळतं त्यांचंही पाच वर्षांनंतर काय? पुढे शाळेच्या हातात उरतं ते वार्षिक अनुदान. तीसपर्यंत पट असेल तर १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. त्यातला निदान दहावा भाग स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, कौलं शाकारणं, नळ, रंग, खेळाचं साहित्य. यात यूपीएसची बॅटरी कुठे बसवायची ते मला कुणीतरी फळ्यावर मांडून दाखवावं.

कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०२३ ला सरकारी शाळांना वीज आणि पाणी मोफत देण्याची घोषणा केली. हे काम फार चांगलं झालं. त्याआधी वीजबिल थकलं म्हणून जोडणी तोडल्याचं मी पाहिलंय आणि हेडमास्तरांनी स्वतःच्या पगारातून बिल भरल्याचंही. आता दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे संगणक चालला असं मात्र नव्हे. २०२३-२४ च्या सरकारी यूडायस आकडेवारीनुसार देशातल्या ९१.८ टक्के शाळांत वीज होती, पण चालू संगणक ५७.२ टक्के शाळांत आणि इंटरनेट ५३.९ टक्के शाळांत. वीज आणि संगणक यांच्यातलं हे जे अंतर आहे, तिथे कुणी उभं राहायचं, हा माझा प्रश्न आहे.

माझं उत्तर सरळ आहे. तिथे ग्रामपंचायतीने उभं राहावं. नवा टीव्ही तिने घेऊ नये, तो देणारे पुष्कळ आहेत. कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात, आमदारांना-खासदारांना निधी असतो, परदेशी गेलेली आपली पोरं नाताळला आली की काहीतरी देऊन जातात. दुरुस्ती मात्र कुणी देणार नाही, कारण दुरुस्तीला फोटो नसतो. म्हणून पंचायतीने तिच्या हद्दीतल्या सरकारी शाळांतली यंत्रं चालू ठेवण्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम, आपल्या अंदाजपत्रकात, वेगळ्या ओळीत लिहून ठेवावी.

यावर पंचायतीत पहिलं उत्तर येतं ते हे की शिक्षण आमच्याकडे येत नाही, बीईओ ऑफिसला जा. हे अर्धंच खरं आहे. शिक्षकांचा पगार, बदली, पुस्तकं हे राज्याचं खरंच. पण ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावं परिशिष्ट जोडलं, त्यात पंचायतींकडे सोपवता येणारे २९ विषय आहेत आणि १७ वा विषय प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हाच आहे. विसावा ग्रंथालयांचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी पंचायतींना जे अनुदान ठरवलं त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. उरलेले ४० टक्के मोकळे, याच २९ विषयांतल्या गावच्या गरजेसाठी. फक्त पगार आणि कार्यालयीन खर्च त्यातून करायचा नाही. म्हणजे शाळेच्या संगणकाची दुरुस्ती नियमात बसत नाही, असं जे सांगतात त्यांनी नियम एकदा काढून वाचावा. शिवाय घरपट्टी आहे, ती पंचायतीची स्वतःचीच.

घरपट्टीची पावती आपण घडी घालून डब्यात ठेवतो. एकदा उलगडून बघा. त्यावर ग्रंथालय कर म्हणून ६ टक्के लावलेले दिसतील. तो पैसा आपण १९६५ च्या ग्रंथालय कायद्यापासून भरत आलोय. २०१९ साली राज्यातली साडेपाच हजारांहून जास्त ग्रामीण वाचनालयं ग्रंथालय खात्याकडून ग्रामविकास खात्याकडे आली, पंचायतींच्या ताब्यात. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी रंग लागला, संगणक आले, इंटरनेट आलं. शाळा बंद होत्या त्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, 'ओदुव बेळकु' नावाची मोहीम काढून मुलांना वाचनालयाचं सभासदत्व मोफत दिलं. वाचनालय पंचायतीचं म्हटल्यावर तिला ते सांभाळावंसं वाटू लागलं. शाळेबद्दल तसं वाटत नाही, कारण शाळा 'वरची' आहे असा समज पक्का बसलाय. शाळेत मुलं मात्र गावचीच आहेत ना?

हे कुठेच होत नाही असंही नाही. केरळात १९९५ पासून सरकारी प्राथमिक शाळा ग्रामपंचायतींकडे आणि हायस्कुलं जिल्हा पंचायतींकडे सोपवली गेली. शिक्षकांचा पगार राज्यच देतं. इमारत आणि सामान पंचायतीचं. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की तिथे पंचायतींना विकासनिधीपासून वेगळा असा देखभाल निधी मिळतो. देखभालीला स्वतंत्र नाव, स्वतंत्र खातं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. तिथे शाळांना संगणक शिकवण्याचं काम २००१-०२ पासून सुरू झालं ते बाहेरच्या कंपनीचा माणूस आणून नव्हे, आपल्याच शिक्षकांना शिकवून. पुढे आठवी ते बारावीच्या ४५ हजार वर्गांत यंत्रं बसली. २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाची मुलांची मंडळं आहेत, त्यांत मुलं संगणकाची जोडणी आणि बारीकसारीक दुरुस्तीही शिकतात. कर्नाटकात आपण उलटी वाट धरली होती. कंपनीने सामान बसवायचं, आपला शिकवणारा ठेवायचा, पाच वर्षांनी सगळं शाळेला देऊन निघून जायचं. पाच वर्षांनी सामान जुनं झालेलं, माणूस गेलेला, आणि शाळेतल्या शिक्षकांनी माउसला हात लावलेला नाही. आमच्या कपाटातले पिवळे मॉनिटर बरेचसे त्याच वाटेने आलेत.

केरळ श्रीमंत आहे, आपली पंचायत गरीब, असं कुणी म्हणेल. माझा अंदाजाचा हिशेब असा. एका लहान शाळेचं इंटरनेट महिन्याला पाच-सातशे रुपये. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांतून एकदा. पावसाळ्याआधी आणि नंतर एकेकदा बेळगावहून माणूस बोलावून साफसफाई, तपासणी. वायरी, प्लग, माउस. सगळं धरून वर्षाला वीस हजारांच्या आसपास. एका पंचायतीत अशा चार-पाच शाळा धरल्या तर लाखभर. एका गटाराच्या अर्ध्या तुकड्याएवढा पैसा हा. गटारं नकोत असं म्हणत नाही, पण तीच ती गटारं दर तीन वर्षांनी नवी होताना मी पाहिली आहेत.

मला यंत्राचं फार वेड आहे असं कुणी समजू नये. पाढे पाठ नसलेल्या मुलाला टॅब दिला म्हणून भागाकार येत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप मुलांना वाटले. २०१२ साली त्याची तपासणी झाली तेव्हा गणितात आणि भाषेत काही फरक पडल्याचं दिसलं नाही. शिकवणारा तयार नसेल तर यंत्र नुसतं बसून राहतं. पण उलट बाजूही बघा. 'असर' च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं, तर आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला असं ५७ टक्के मुलांनी सांगितलं, आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के मुलांनी. पडदा मुलांच्या हातात येऊन बसलाय, आपण द्यायचा की नाही हे ठरवायची वेळ निघून गेली. तो शहाण्या माणसाच्या देखत, शाळेत, कामासाठी वापरायला कुठे शिकणार, एवढंच आता आपल्या हातात आहे. माझ्या गणिताच्या तासाला एक चालू संगणक असला की आलेख समजावताना अर्धा फळा वाचतो, आणि मुलं स्वतःचं नाव देवनागरीत टाइप करायला शिकतात. कळफलकावर चिकटवायची अक्षरं मिळतात, ती मीच नेते.

भाषेचा वाद मला इथे काढायचा नाही, तो काढणारे समर्थ आहेत. पण देणगीच्या टीव्हीत भरून येणारे धडे मी पाहिले ते कन्नड किंवा इंग्रजी. आपल्या मुलांची पुस्तकं मराठीत असली तरी ती कर्नाटक सरकारची, त्यामुळे महाराष्ट्रातले धडे आणले तर गणिताला चालतात, भाषेच्या पुस्तकाशी जुळत नाहीत. म्हणजे शिक्षकाने स्वतः शोधून जुळवायला हवं, आणि त्यासाठी इंटरनेट चालू हवं. पुन्हा गाडी त्याच पाच-सातशे रुपयांवर येते.

आता आपल्या लोकांबद्दल. हे पान ख्रिस्ती समाजाचं आहे म्हणून स्पष्ट लिहिते. आपल्यातले बरेच जण म्हणतात, टीचर, आमची मुलं तर कॉन्व्हेंटला जातात, सरकारी शाळेचं आम्हाला काय. सगळ्यांची जात नाहीत. ज्यांचे वडील गवंडीकामाला किंवा भट्टीवर जातात, ज्यांची आई गोव्यात घरकामाला आहे आणि मुलं आजीकडे राहतात, त्यांची नावं कुठल्या शाळेत आहेत ते एकदा विचारून घ्या. आणि दुसरं असं की माझ्यासारख्या अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतूनच झाला, पेन्शनही तिथूनच येते. तेव्हा सरकारी शाळा दुसऱ्या कुणाची, हे मला तरी म्हणवत नाही.

आपल्या चर्चचा माइक बिघडला तर पुढच्या रविवारच्या आत दुरुस्त होतो की नाही? होतो. कारण त्याला पेटीतले पैसे ठरलेले आहेत, आणि कुणी न्यायचा तेही ठरलेलं आहे. फादरांना त्यासाठी देणगीदार शोधत फिरावं लागत नाही. शाळेसाठी मी मागतेय ते एवढंच.

मागच्या वर्षी मी आमच्या पंचायतीच्या मक्कळ ग्रामसभेला गेले होते. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना ही सभा माहीत नसेल. कर्नाटकात बालदिनाच्या सुमारास पंचायती मुलांची ग्रामसभा घेतात. मुलं प्रश्न विचारतात आणि अध्यक्ष, सदस्य, पीडीओ यांनी उत्तर द्यायचं असतं. सहावीतली एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, आमच्या शाळेतला टीव्ही कधी चालू होणार? एक सदस्य लगेच म्हणाले, आमदारसाहेबांना सांगून नवीन मोठा आणू. टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसेना. म्हणाली, "नवीन नको. टीव्ही आहे. त्याची वायर उंदरानं खाल्लीय." पीडीओ मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी वहीत लिहून घेतलं. मुलगी पुढे म्हणाली, "पुढच्या वर्षी माझी सातवी संपणार, मग मी इथे नसणार."

ती वायर शेवटी एका पालकाने आणून लावली. इलेक्ट्रिशियन आहे तो, अडीचशे रुपये खर्च आला. टीव्ही जानेवारीपासून चालू आहे. इंटरनेट अजून हेडमास्तरांच्या मोबाइलवरून चालतं, ते रजेवर गेले की बंद. पंचायतीने लिहून घेतलेल्या मागणीचं पुढे काय झालं हे विचारायला मी दोनदा गेले. क्रिया योजनेत घेऊ असं सांगितलंय. गेल्या वेळची योजना तोवर तयार झाली होती.

इथेच आपली चूक होते. योजना तयार झाल्यावर आपण अर्ज घेऊन जातो. आधी वॉर्डसभा होते, तिथल्या मागण्या ग्रामसभेत जातात आणि तिथून क्रिया योजनेत. वॉर्डसभेला दहा-बारा माणसं असतात, त्यांत बायका दोन. दहा घरांनी मिळून एकच मागणी लावली तर ती टाळणं सदस्यांना जड जातं, कारण त्यांना त्याच वॉर्डात पुन्हा मतं मागायची आहेत. अर्जात फार लिहू नये. शाळेचं नाव, तिथे कोणती यंत्रं आहेत, कोणती बंद आहेत आणि का, वर्षाला किती रुपये हवेत आणि ते कुणाच्या सहीने खर्च होणार. शाळेच्या एसडीएमसीच्या अध्यक्षांची आणि हेडमास्तरांची सही सोबत घ्यावी, म्हणजे पैसे आले तर हिशेब कुणी द्यायचा तेही आधीच ठरतं. एक प्रत पीडीओंना देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, शिक्का आणि तारखेसह. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजा. आणि शाळेतली जुनी मोडकी यंत्रं रजिस्टरातून काढून टाकायची मंजुरीही याच वेळी बीईओ ऑफिसकडे मागावी, म्हणजे कपाट तरी रिकामं होईल.

सूचनेचा कागद कन्नडमध्ये असतो आणि आपल्या वयस्कर मंडळींना तो वाचता येत नाही, ही अडचण खरी आहे. वॉर्डसभेची तारीख लागली की मिस्सेनंतरच्या सूचनांत ती मराठीतून वाचावी, अशी विनंती मी आमच्या फादरांना केली आहे आणि त्यांनी मान्य केली आहे. ज्यांना अर्ज कन्नडमध्ये लिहून हवा असेल त्यांच्यासाठी मी रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर चर्चच्या व्हरांड्यात अर्धा-पाऊण तास बसते. येताना शाळेतल्या बंद यंत्रांची यादी तेवढी आणा. आधारकार्डाची झेरॉक्स लागत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव